वस्त्र, पायरी आणि चीवर : न शिवलेल्या कापडाचा इतिहास



विहारात वंदनेला जमलेल्या मंडळींचे कपडे पाहिले तर त्यात दोन तऱ्हा दिसतात. एक शिवलेल्या कपड्यांची : पँट, शर्ट, सदरा, पोलके, पंजाबी ड्रेस. दुसरी अंगाभोवती नेसलेल्या किंवा पांघरलेल्या कपड्यांची : उपासिकांच्या साड्या, एखाद्या वडीलधाऱ्या उपासकाचे धोतर आणि समोर बसलेल्या भन्तेजींचे चीवर. ही दुसरी तऱ्हा फार जुनी आहे. हजारो वर्षे जगातल्या मोठमोठ्या संस्कृतींत राजापासून मजुरापर्यंत बहुतेकांचा पोशाख म्हणजे एक लांब कापड, एवढेच होते. ना बटण, ना बाही, ना गळा.

कापड एकच. पण ते कोणी नेसायचे, किती लांब नेसायचे, कोणत्या रंगाचे, कोणत्या खांद्यावरून घ्यायचे हे मात्र समाजाने ठरवले, आणि त्यावरून माणसाची पायरी ठरवली. या इतिहासात चीवराची जागा अगदी वेगळी आहे. ती का, हे समजून घेण्यासाठी आधी थोडे दूरदेशी जाऊन यावे लागेल.

सुई होती, तरी शिवले नाही

पूर्वीच्या माणसाला शिवणकाम येत नव्हते म्हणून तो कापड गुंडाळत होता, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. सुई ही कापडापेक्षाही जुनी वस्तू आहे. सैबेरियातील गुहांमध्ये हाडाच्या, नेढे असलेल्या सुया मिळाल्या आहेत आणि त्या दहा हजार वर्षांहून कितीतरी जुन्या आहेत. कडाक्याच्या थंडीत जनावराचे कातडे अंगाला घट्ट बसवायचे तर शिवल्याशिवाय गत्यंतर नव्हते. इजिप्तमध्ये तारखान या ठिकाणी मिळालेला जवसाच्या धाग्याचा एक झगा आज लंडनच्या पेट्री संग्रहालयात आहे. तो पाच हजार वर्षांहून जुना आहे, आणि त्याला चक्क शिवलेल्या बाह्या आहेत. आपल्याकडे ऋग्वेदातही सुईचा उल्लेख येतो.

म्हणजे सुई होती, दोरा होता, शिवणारे हातही होते. तरीसुद्धा इजिप्त, ग्रीस, रोम आणि भारत या उष्ण किंवा समशीतोष्ण देशांतल्या लोकांनी न शिवलेले कापडच पसंत केले. का बरे?

मागावरून उतरलेले कापड

याचे उत्तर मागावर आहे. ज्यांच्या घरी विणकाम झाले आहे त्यांना हे सांगायला नको. मागावर उभे धागे ताणायचे, त्यातून आडवा धागा फिरवायचा, म्हणजे ताणा आणि बाणा. त्यातून जे कापड उतरते ते चौकोनीच असते. दोन बाजूंना पक्के काठ, दोन टोकांना दशा. हे कापड उतरल्यावर तसेच अंगावर घेता येते. पण कात्री लावली की काठ जातो, कडा उसवू लागतात आणि कपटे वाया जातात.

आज कपटे वाया जाण्याचे आपल्याला काही वाटत नाही. त्या काळी मात्र एकेक धागा हाताने कातलेला असे. चरखा फार पुढचा, मध्ययुगातला. प्राचीन काळी सगळे सूत टकळीवर निघायचे. एका वस्त्रासाठी लागणारे सूत कातायला कितीतरी दिवस लागत, आणि विणण्यापेक्षा कातण्यातच जास्त वेळ जाई. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे प्रकरण आहे. विधवा, अपंग स्त्रिया, वृद्ध दासी, निराधार बायका यांच्याकडून सूत कातून घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे राजाच्या अंगावरच्या तलम वस्त्राचे सूत समाजातल्या सर्वांत निराधार बाईच्या बोटांतून निघत होते. असे कष्टाचे कापड कापायचे कोण?

शिवाय न शिवलेल्या वस्त्राचे फायदेही पुष्कळ. ते जाड्याला होते, बारक्यालाही होते. बाई गरोदर राहिली तरी तेच चालते. दिवसा नेसा, रात्री पांघरा, प्रवासात त्याचेच गाठोडे करा. धुवायला आणि वाळवायला सोपे. सासूचे लुगडे सुनेला, सुनेचे लेकीला. शिवलेला कपडा एकाच माणसाच्या मापाचा असतो. नेसायचे वस्त्र घरातल्या सगळ्यांचे असते.

सुमेर, मोहेंजोदडो आणि इजिप्त

आजच्या इराकमध्ये लगाश नावाचे राज्य होते. तिथला गुदेआ हा राजा इ.स.पू. २१०० च्या सुमारास होऊन गेला. त्याचे काळ्या दगडातले पुतळे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. अंगावर एकच मोठे वस्त्र, डाव्या खांद्यावरून घेतलेले, उजवा खांदा उघडा. आपल्या उपखंडात मोहेंजोदडोला मिळालेली छोटी मूर्ती पाहा. उंची जेमतेम साडेसतरा सेंटिमीटर. संशोधकांनी तिला ‘पुरोहित-राजा’ असे नाव दिले, पण तो माणूस खरोखर कोण होता याचा पुरावा नाही. त्याच्याही अंगावर तीन पाकळ्यांची नक्षी असलेली शाल आहे, आणि तीही डाव्या खांद्यावरून. उजवा खांदा मोकळा. भन्तेजी वंदनेच्या वेळी उजवा खांदा मोकळा ठेवतात तसाच. यावरून थेट नाते जोडता येणार नाही. पण उजवा हात कामाला मोकळा ठेवायचा आणि वस्त्राचा भार डाव्या खांद्यावर द्यायचा, ही सोय माणसाला फार पूर्वी सापडली होती एवढे खरे.

मोहेंजोदडोलाच एका चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला कापसाच्या कापडाचा तुकडा सापडला. कापूस ही आपल्या उपखंडाने जगाला दिलेली मोठी देणगी. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याला तर नवल वाटले होते की हिंदुस्थानात झाडाला लोकर लागते!

इजिप्तमध्ये कापूस नव्हता, तिथे जवसाच्या झाडाच्या सालीचा धागा. पुरुष कमरेला आखूड वस्त्र गुंडाळीत. श्रीमंताचे वस्त्र इतके तलम की अंग दिसावे, मजुराचे जाडेभरडे आणि आखूड. आणि मेलेल्या माणसाच्या ममीला ज्या पट्ट्या गुंडाळत, त्यांतल्या पुष्कळशा घरातल्याच जुन्या कापडाच्या असत. कापड टाकून द्यायचे नाही, ही रीत तिथेही होती.

ग्रीस : टाचणीवर चाललेला पोशाख

ग्रीक स्त्रिया पेप्लॉस नावाचे लोकरीचे चौकोनी वस्त्र अंगाभोवती घेऊन दोन्ही खांद्यांवर मोठ्या टाचण्यांनी अडकवीत. स्त्री-पुरुष दोघेही वरून हिमातिऑन नावाची मोठी शाल घेत. अथेन्स शहरात अथेना देवीला मोठ्या उत्सवात नवे विणलेले पेप्लॉस अर्पण करीत असत.

या टाचणीची एक गोष्ट हिरोडोटसने सांगितली आहे. अथेन्सचे सैन्य एका लढाईत मारले गेले आणि एकच माणूस जिवंत परत आला. ‘आमचे नवरे कुठे आहेत?’ असे विचारीत मेलेल्या सैनिकांच्या बायकांनी त्याला घेरले आणि वस्त्राच्या टाचण्या टोचटोचून त्याला ठार केले. अथेन्सच्या पुरुषांना सैन्याच्या पराभवापेक्षा याचाच धक्का जास्त बसला. त्यांनी बायकांचा पोशाखच बदलून टाकला, टाचणी लागणार नाही अशा पद्धतीचे वस्त्र त्यांना नेसायला लावले. गोष्टीत खरे किती आणि रचलेले किती हा प्रश्न बाजूला ठेवू. बाईने काय नेसावे हे पुरुषांच्या बैठकीत ठरे, ही गोष्ट मात्र त्यातून स्वच्छ दिसते.

रोम : टोगा म्हणजे नागरिकत्व

कापडावरून माणसाची पायरी ठरवण्याचे काम रोमन लोकांनी अगदी कायद्यात बसवले. टोगा म्हणजे लोकरीचे अर्धगोल आकाराचे अवाढव्य वस्त्र. साम्राज्याच्या काळात त्याची लांबी पंधरा-अठरा फुटांपर्यंत गेली. तो नीट नेसायला दुसऱ्याची मदत लागायची. नेसल्यावर डावा हात वस्त्र सांभाळण्यातच गुंतायचा. असे वस्त्र घालून कोणी नांगर धरू शकेल काय? नाही. आणि तेच त्या वस्त्राला सांगायचे होते : मला हाताने काम करावे लागत नाही.

टोगा फक्त रोमच्या नागरिकाने नेसायचा. परदेशी माणसाला मनाई. गुलामाला मनाई. शिक्षा होऊन हद्दपार झालेल्याचा टोगाचा हक्कही जायचा. त्यातही पायऱ्या : जांभळ्या काठाचा टोगा मोठ्या अधिकाऱ्यांना, आणि स्वतंत्र घराण्यातल्या लहान मुलांना. निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडू लावून पांढराशुभ्र केलेला टोगा घालायचा. लॅटिनमध्ये अशा शुभ्र पांढऱ्याला ‘कांदिदुस’ म्हणत, त्यावरूनच ‘कँडिडेट’ हा शब्द आला. आपल्याकडचे उमेदवारही कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालतात, हा योगायोग बघा!

क्लॉडियस बादशहाच्या काळातली (इ.स. ४१ ते ५४) एक हकिकत आहे. एका माणसावर खटला चालला होता : हा खरा रोमन नागरिक आहे की नाही? त्यावर वकिलांचा वाद सुरू झाला की याने खटल्याच्या वेळी टोगा घालावा की परदेशी शाल घ्यावी. बादशहाने तोडगा काढला. विरुद्ध पक्षाचा वकील बोलेल तेव्हा याने शाल घ्यावी आणि याचा स्वतःचा वकील बोलेल तेव्हा टोगा घालावा. हसू येते खरे, पण त्यातला अर्थ गंभीर आहे. माणूस तोच. कापड बदलले की तो नागरिक, पुन्हा बदलले की परका.

याहून बोलकी हकिकत सेनेका या तत्त्वज्ञाने लिहून ठेवली आहे. रोमच्या सिनेटमध्ये एकदा असा ठराव आला की गुलामांना वेगळा पोशाख द्यावा, म्हणजे ते ओळखू येतील. पण लगेच त्यातला धोका ध्यानात आला. सगळ्या गुलामांचा एक पोशाख झाला तर ते आपली संख्या मोजू लागतील आणि मालक किती थोडे आहेत हे त्यांना कळेल! ठराव तिथेच राहिला.

आपल्याकडे दगडात कोरलेले वस्त्र

आता आपल्या देशात येऊ. प्राचीन भारतातला पोशाख पाहायचा तर बौद्ध स्तूप आणि लेण्यांसारखे दुसरे साधन नाही. भारहूतचा कठडा (इ.स.पू. दुसरे शतक) आणि सांचीची तोरणे (इ.स.पू. पहिले शतक) यांवर त्या काळचे लोक जसेच्या तसे कोरलेले आहेत. कमरेला अंतरीय, म्हणजे आपले धोतर किंवा लुगडे. अंगावर उत्तरीय, म्हणजे उपरणे. कमरेला घट्ट बांधलेला कायबंध आणि डोक्याला पागोटे. मागे काष्टा खोचण्याची रीत तिथेही आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या नऊवारी लुगड्याचे नाते इतके जुने आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी कोरलेली जोडपी पाहिली तरी हेच दिसते.

सिकंदराबरोबर आलेल्या निआर्कसनेही हीच नोंद केली आहे : हिंदुस्थानी लोक पोटऱ्यांपर्यंत येणारे सुती वस्त्र नेसतात, दुसरे खांद्यावर घेतात आणि डोक्याला कापड गुंडाळतात. कौटिल्याच्या ग्रंथात उत्तम सुती कापडाच्या प्रदेशांची यादी आहे, त्यात काशी, वंग, कलिंग यांच्याबरोबर अपरान्त, म्हणजे आपले कोकण आहे. इ.स. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तगर या गावाहून गाड्या भरभरून कापड भडोच बंदराला जात असल्याचे लिहिले आहे. तगर म्हणजे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातले तेर. आपल्या मराठवाड्यातल्या विणकऱ्यांचे कापड त्या काळी समुद्रापार जात होते.

शिवलेले कपडेही इथे होते. सांचीच्या उत्तर तोरणावर शिवलेले आखूड अंगरखे घातलेले परदेशी लोक वाद्ये वाजवीत स्तूपाला वंदन करताना कोरले आहेत. मथुरेला मिळालेला सम्राट कनिष्काचा पुतळा लांब झगा आणि जाड बूट घातलेला आहे. अजिंठ्याच्या चित्रांत तर धोतर नेसलेले राजपुरुष आणि शिवलेले अंगरखे घातलेले सेवक-सैनिक एकाच भिंतीवर दिसतात. घोड्यावर बसणाऱ्याला आणि धावपळ करणाऱ्याला शिवलेला कपडा सोयीचा. ऐटीत बसणाऱ्याला लांब वस्त्र परवडते. सांचीला स्तूपाभोवती मात्र दोघेही सारखेच हात जोडून उभे आहेत.

मेलेल्याचे वस्त्र

आता या इतिहासातले कडू पान. रोमने परक्याला टोगा नाकारला. आपल्याकडच्या व्यवस्थेने त्याहून पुढे मजल मारली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत खावे आणि मेलेल्या माणसांची वस्त्रे अंगावर घ्यावीत असे सांगितले आहे. त्याच अध्यायात शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जुनी, जीर्ण वस्त्रे द्यावीत असेही आहे. म्हणजे काय नेसायचे नाही एवढेच सांगून ही व्यवस्था थांबली नाही. प्रेतावरचे कापड हेच तुमचे वस्त्र, असा शिक्का मारून ठेवला. ज्याच्या अंगावर ते कापड, तो कोण हे लांबूनच कळावे.

हे वाक्य ध्यानात ठेवा आणि आता चीवराकडे वळा.

शेतासारखे चीवर

तथागत बुद्ध मनुस्मृतीच्या काही शतके आधी होऊन गेले. संघाच्या सुरुवातीच्या काळात भिक्खूंचे वस्त्र कोणते होते? पांसुकूल. पांसु म्हणजे धूळ. उकिरड्यावर, रस्त्यावर आणि स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करायच्या, धुवायच्या, जोडायच्या आणि रंगवायच्या. प्रेतावरून काढून टाकलेले कापडही त्यात होते. जे कापड पुढे मनूने माणसाला हीन ठरवण्यासाठी त्याच्या अंगावर लादले, तेच कापड बुद्धाने आणि त्यांच्या भिक्खूंनी आधीच स्वतःहून अंगावर घेतले होते, आणि त्याच्यापुढे राजे वाकत होते.

पुढे वैद्य जीवकाने उज्जैनच्या राजाकडून मिळालेले मौल्यवान वस्त्र तथागतांना अर्पण केले, आणि त्याच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेण्याची भिक्खूंना परवानगी मिळाली. विनयपिटकाच्या महावग्गात चीवराचे एक आख्खे प्रकरणच आहे. त्यातली आनंदाची गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना तथागतांना मगधातली भातशेते दिसली. चौकोनी वाफे, मध्ये बांध, आडव्या-उभ्या रेषा. त्यांनी आनंदाला विचारले, भिक्खूंसाठी असे चीवर करता येईल का? आनंदाने कापडाचे तुकडे शेताच्या वाफ्यांसारखे जोडून चीवर करून दाखवले. तथागतांनी त्याच्या हुशारीचे कौतुक केले. भन्तेजींचे चीवर जवळून पाहा, आजही त्यात ते बांध आणि वाफे दिसतील. पाच किंवा त्याहून जास्त विषम संख्येचे खंड जोडलेले असतात.

इथे सगळा इतिहास उलटा फिरतो. चीवर पांघरायचे वस्त्र आहे, पण ते अखंड नाही. बाकीच्या जगात कापड न कापणे हीच श्रीमंती होती, अखंड वस्त्र हीच शोभा होती. बुद्धाने मुद्दाम कापायला लावले. कापलेल्या कापडाची बाजारात किंमत राहत नाही, चोराला त्याचा मोह होत नाही, आणि नेसणाऱ्यालाही गर्व होत नाही. म्हणून तर भिक्खूच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरबंद आणि पाणी गाळायचे फडके यांच्याबरोबर सुईसुद्धा आहे. आपले वस्त्र आपण शिवायचे. ते काम शिंप्याचे, हे काम चांभाराचे, असा भेद तिथे नाही.

चीवरे तीनच का, याचीही गोष्ट आहे. थंडीच्या दिवसांत तथागत स्वतः रात्रभर उघड्यावर बसले. आधी एकाच वस्त्रावर. थंडी वाजली तसे एकेक वस्त्र वाढवत गेले. माणसाला जगायला किती पुरे होईल याचा स्वतःच्या अंगावर अनुभव घेतला आणि मगच नियम केला : कमरेला अंतरवासक, अंगावर उत्तरासंग आणि थंडीसाठी दुहेरी संघाटी. नियम दुसऱ्यावर लादण्याआधी तो स्वतः सोसून पाहण्याची ही रीत किती शास्त्रकारांनी पाळली असेल?

उपालीच्या मुखातून आलेले नियम

या चीवरात कोण कोण आले ते पाहा. महाकश्यप श्रीमंत ब्राह्मण घरातले. त्यांनी आपली मऊ संघाटी तथागतांना बसायला घडी घालून दिली आणि पुढे ती त्यांनाच अर्पण केली. बदल्यात तथागतांनी आपले वापरून झिजलेले तागाचे पांसुकूल चीवर त्यांना दिले. ब्राह्मण घरातल्या त्या माणसाने ती चिंध्यांची वस्त्रे आयुष्यभर अभिमानाने वागवली. सुनीत हा फेकलेली फुले झाडणारा, हीन मानलेल्या कुळातला. त्याच्याही अंगावर तसेच चीवर. आणि उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य राजकुमार प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांनी आपणहून विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा अहंकार मोडेल.

तथागतांच्या महापरिनिब्बानानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. महाकश्यप अध्यक्ष. विनयाचे सगळे प्रश्न त्यांनी उपालीला विचारले आणि उपालीने ते सांगितले. म्हणजे वर सांगितलेले चीवराचे नियम आपल्यापर्यंत एका न्हाव्याच्या मुखातून आले आहेत, आणि प्रश्न विचारणारा ब्राह्मण कुळातला होता. रोमच्या सिनेटमध्ये सगळ्यांना एक पोशाख देण्याची भीती वाटली होती. संघाने तोच एक पोशाख सर्वांना दिला.

फडक्यापर्यंत

कोसंबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला राग आला. एवढी वस्त्रे घेऊन हा भिक्खू दुकान थाटणार की काय? त्याने आनंदाला विचारले, एवढ्यांचे काय कराल? ज्या भिक्खूंची चीवरे विरली आहेत त्यांना वाटू. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवरची अंथरुणे. जुन्या अंथरुणांची पायपुसणी, जुन्या पायपुसण्यांची फडकी. आणि फडकी फाटली की? ती कुटून चिखलात कालवू आणि भिंती लिंपू. राजा खूश झाला आणि त्याने स्वतः आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आपल्या आयाबायांना या गोष्टीत नवीन काही वाटणार नाही. लुगडे विरले की त्याची गोधडी, गोधडी फाटली की पोतेरे, हे त्यांनी जन्मभर केले. गरिबीने शिकवलेली ही काटकसर विनयात सद्गुण म्हणून नोंदलेली आहे, हे त्यांना सांगायला हवे.

लुगड्याची धाटणी

कापडावरून पायरी ओळखण्याची रीत प्राचीन काळात संपली नाही. केरळच्या दक्षिणेला त्रावणकोर संस्थानात खालच्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांना वरच्या अंगावर वस्त्र घेण्याची मनाई होती. चन्नार (नाडर) स्त्रियांनी त्याविरुद्ध अनेक वर्षे झगडा दिला, मार खाल्ला. शेवटी २६ जुलै १८५९ रोजी संस्थानाने जाहीरनामा काढून परवानगी दिली. तरीही त्यात मेख मारलीच, की उच्च जातीच्या स्त्रियांसारखे मात्र नेसू नये.

आणि आपल्या महाराष्ट्रात? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडे आखूड नेसण्याची तुमची धाटणी आणि अंगावरचे ते जड कथलाचे-चांदीचे दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. वरच्या वर्गातल्या बायका नेसतात तसे नेसा, त्याला काही खर्च येत नाही, हेही त्यांनी सांगितले. बायकांनी ते मनावर घेतले आणि लुगड्याची धाटणी बदलली.

खर्च येत नाही, हे शब्द फार मोलाचे आहेत. लुगडे तेच. एक हात कापड वाढवायचे नव्हते. घोट्यापर्यंत सोडले की झाले. आणि तेवढ्यासाठी माणसे शतकानुशतके अडली होती, कारण आडकाठी कापडाची नव्हतीच. ती पायरीची होती. मनुस्मृती जाळणे आणि लुगड्याची धाटणी बदलणे या दोन गोष्टी एकाच परिषदेत घडल्या, हा योगायोग नाही. पहिल्या गोष्टीने पुस्तकातला नियम जाळला, दुसरीने तो अंगावरून उतरवला.

पालि ग्रंथांत गृहस्थ उपासकांना ‘ओदातवसन’, म्हणजे पांढरी वस्त्रे नेसणारे म्हटले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक पांढरे कपडे घालून दीक्षेला उभे राहिले. कोणाचे धोतर, कोणाचा लेंगा, कोणाची साडी. काही नवी, काही धुऊन स्वच्छ केलेली जुनी. पांढऱ्या रंगात जात ओळखू येत नाही.

वर्षावासानंतर कठिण चीवरदानाचा कार्यक्रम होतो तेव्हा घरातल्या मुलांना भन्तेजींच्या चीवराचे वाफे आणि बांध जरूर दाखवा. आणि घरात पेटीच्या तळाशी आजीचे लुगडे जपून ठेवलेले असेल तर तेही उलगडून दाखवा, ती ते कसे नेसत होती आणि पुढे धाटणी का बदलली हे सांगा. हे सांगणारी पिढी आता थोडी उरली आहे. दगडातली वस्त्रे सांचीला आणि कार्ल्याला टिकून राहतील, पण आपल्या घरच्या वस्त्राचा इतिहास सांगितला तरच टिकेल.